आधी केमिस्ट्री, मग हिस्ट्री : मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपले मराठी मंडळ, बे एरिया
(प्रत : घरात अकरावी-बारावीतलं मूल असलेल्या कॅलिफोर्नियातल्या सगळ्या मराठी पालकांना)

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची ‘कॉलेज मार्गदर्शन संध्याकाळ’ दर ऑक्टोबरात होते. हॉल भरतो, बटाटेवडे संपतात, स्टेजवर चार-पाच मुलं बसतात. कुणी बर्कलीचं, कुणी यूसीएलएचं, एखादं स्टॅनफर्डचं. निबंध कसा लिहावा, एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती घ्यावेत, शिफारसपत्र कुणाकडून मागावं, सगळं सांगून होतं. मुलं हुशार असतात आणि छान बोलतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार एवढीच, की त्या स्टेजवर कम्युनिटी कॉलेजातून (म्हणजे राज्यातल्या स्वस्त, सगळ्यांना खुल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून) ट्रान्सफर होऊन यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, गेलेलं मूल मी आजवर पाहिलेलं नाही. अशी मुलं आपल्यात नाहीत असं थोडंच आहे! मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब घेते. हजेरीपटावर कुलकर्णी, पाटील, जाधव, देशमुख सगळे असतात. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे त्यांचे आईवडील मात्र ‘सध्या इथंच जवळ शिकतोय’ म्हणतात आणि विषय बदलतात.

विषय बदलला की माहितीही मिळत नाही, आणि नुकसान होतं ते इथं. ट्रान्सफरचा मार्ग वाईट नाही. सायन्सच्या मुलांसाठी तो वेळापत्रकाच्या बाबतीत फार कडक आहे, आणि हे त्यांना कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी लाजेचं बोलून घेऊ, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. यूसीत राज्यातले वरचे साडेबारा टक्के, कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत वरचे एक तृतीयांश आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, अशी ती रचना. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी वर चढण्याची वाट त्या आराखड्यातच ठेवलेली होती. ती मागच्या दाराने काढलेली पळवाट नाही. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. काही कॉलेजं वर्षाचे दोन भाग करतात (सेमिस्टर), काही तीन (क्वार्टर). राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, क्वार्टरच्या युनिटला ३१. यूसीची नुसती ट्यूशन वर्षाला १४ हजारांच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. आपल्यातले कितीतरी जण दहावीनंतर डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला आले. त्यांना आज कुणी विचारतं का, की बाबा रे, फर्स्ट इयर कुठं केलंस? हीसुद्धा तशीच सोय आहे. शेवटी डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं.

आता मुद्द्याचं.

कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात जो सल्ला सगळीकडून मिळतो तो असा : ‘पहिल्या वर्षी जीई उरकून घे, मेजरचं पुढच्या वर्षी बघू.’ जीई म्हणजे जनरल एज्युकेशन : इंग्रजी, इतिहास, कला, समाजशास्त्र वगैरे. मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय. हा सल्ला चुलतभाऊ देतो, शेजारी देतो, कधीकधी घाईत असलेला काउन्सेलरही देतो. सायकॉलॉजी किंवा हिस्ट्री करणाऱ्याला तो चालून जातो. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, इंजिनिअरिंग, प्री-मेड (मेडिकलची तयारी) यांतलं काहीही करायचं असलेल्या मुलाचं मात्र त्या सल्ल्याने एक वर्ष जातं. त्याचं गणित अगदी सरळ आहे.

सेमिस्टरवर चालणाऱ्या कॉलेजात जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग असतात, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन. पहिला पास झाल्याशिवाय दुसऱ्याला नाव घालता येत नाही, दुसऱ्याशिवाय तिसऱ्याला नाही. चार भाग, चार सेमिस्टर, दोन वर्षं. ताळा बरोबर जुळतो, पण त्यात एक दिवसही शिल्लक राहत नाही. पहिल्या फॉलला (वर्षाची पहिली टर्म) केमिस्ट्री सुरू केली तर दुसऱ्या स्प्रिंगला (वर्षाची शेवटची टर्म) ऑरगॅनिक संपते. पहिला फॉल इतिहास-मानसशास्त्रात घालवला तर ऑरगॅनिकचा शेवटचा भाग हातात येतच नाही. त्यात छोट्या कॉलेजांत ऑरगॅनिकचा पहिला भाग बऱ्याचदा फक्त फॉलला असतो. स्प्रिंगला तयार झालेलं मूल मग पुढच्या फॉलपर्यंत नुसतं बसून राहतं.

क्वार्टरवर चालणाऱ्या कॉलेजात हेच सहा भागांत येतं. आपल्या कूपरटिनोचं डी अँझा घ्या : केम १ए, १बी, १सी, आणि मग ऑरगॅनिकचे १२ए, १२बी, १२सी. फॉल, विंटर, स्प्रिंग, पुन्हा फॉल, विंटर, स्प्रिंग. इथंही शिल्लक शून्य. आणि १ए ला थेट बसता येईलच असं नाही. आधीचा पायाभूत कोर्स किंवा प्लेसमेंट परीक्षा मागतात. ती परीक्षा उन्हाळ्यात दिली नाही, की सहाचे सात भाग झाले आणि दोन वर्षांत ते बसेनात.

इंजिनिअरिंगवाल्यांचं हेच दुखणं गणितात आहे. कॅल्क्युलसचे भाग, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. सेमिस्टरने चाललं तर चार सेमिस्टर पुरतात, पण पहिल्याच फॉलला कॅल्क्युलस सुरू झालं तर. फिजिक्स कॅल्क्युलसच्या मागे बांधलेलं असतं. कॅल्क्युलसचा पहिला भाग आधी झालेला हवा, मग मेकॅनिक्स, मग इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, मग पुढचं. पहिल्या टर्मला प्रीकॅल्क्युलस घेतलं की गणित एका पायरीने मागे पडतं आणि त्याच्यासोबत फिजिक्सची अख्खी रांग मागे सरकते.

आपल्या पिढीला हे पटकन कळत नाही, कारण आपण या प्रकारातून गेलोच नाही. एफवायबीएस्सीला प्रवेश घेतला की कुठले पेपर, कुठल्या क्रमाने, ते विद्यापीठाने ठरवलेलं असायचं. आपण फक्त हजर राहायचं. एखादा पेपर राहिला तर एटीकेटी होती. वरच्या वर्गात बसून खालचा पेपर सोडवता यायचा. इथं एटीकेटी नाही. १ए राहिली तर १बी चं दार बंद. आणि पेपरांचा क्रम ठरवण्याचं काम अठरा वर्षांच्या मुलावर सोडलेलं आहे.

जीई आधी उरकण्यात आणखी एक खोट आहे, ती फारसं कुणी बोलून दाखवत नाही. यूसीचा ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर भरायचा असतो. त्या दिवशी अर्जात ग्रेडसह दिसतं ते पहिलं वर्ष आणि मधला उन्हाळा. फॉलच्या ग्रेड नंतर जानेवारीत कळवायच्या असतात, आणि स्प्रिंगचं नुसतं ‘घेणार आहे’ एवढंच लिहिता येतं. पहिल्या वर्षात कला, इतिहास आणि समाजशास्त्र असेल, तर बायोकेमिस्ट्रीच्या जागेसाठी अर्ज तपासणाऱ्याला काय दिसणार? सायन्सची एक ग्रेडही नाही, आणि पुढच्या दोन टर्ममध्ये तीन-तीन लॅब कोंबलेल्या. ते मूल त्या तीन लॅबमध्ये कसं टिकणार, हा प्रश्न त्या तपासणाऱ्याला पडला तर नवल नाही. मलाही पडतो.

आणि खरंच ती मुलं टिकत नाहीत. केमिस्ट्रीची लॅब म्हणजे आठवड्याला सहा तास आणि घरी रिपोर्ट. तिच्यासोबत फिजिक्सची लॅब, वर कॅल्क्युलसचा तिसरा भाग आणि वीकेंडला बोबा टीच्या दुकानात नोकरी. मी अशा मुलांना ऑक्टोबरात टायट्रेशन करताना बघते. ब्युरेटची तोटी पूर्ण उघडी, नजर घड्याळावर, फ्लास्क गुलाबी होऊन भडक जांभळट झालेला, आणि वहीत रीडिंग अंदाजे. त्या मुलाला केमिस्ट्री येत नाही असं नसतं. त्याच आठवड्यात त्याची फिजिक्सची मिडटर्म असते.

तेव्हा माझं म्हणणं एका ओळीत : सायन्सच्या मुलाने पहिल्या टर्मला गणित आणि केमिस्ट्री धरावी, इंग्रजीचा एक कोर्स सोबत घ्यावा आणि बाकीची जीई फटींमध्ये बसवावी. जीईचे काही कोर्स राहिले तर ते युनिव्हर्सिटीत गेल्यावरही घेता येतात. ऑरगॅनिकचा अर्धा भाग राहिला तर प्रवेशच अडू शकतो. २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांसाठी यूसी आणि कॅल स्टेट या दोघांचा मिळून एकच जीईचा साचा आला आहे, त्याला कॅल-जेटसी म्हणतात. तो सुटसुटीत आहे म्हणून मुलं त्याच्या मागे लागतात. जड मेजरवाल्यांनी मेजरच्या तयारीला पहिलं स्थान द्यावं, असं खुद्द यूसी सांगते. इंग्रजीचे दोन आणि गणिताचा एक, हे कोर्स मात्र कुठल्याच यूसीसाठी चुकत नाहीत, म्हणून इंग्रजी लांबवू नये.

मेजरला नेमकं काय लागतं हे कुठं बघायचं? त्यासाठी असिस्ट नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आपलं कॉलेज निवडायचं, जायची युनिव्हर्सिटी निवडायची, वर्ष निवडायचं, मेजर निवडायचा. एक तक्ता उघडतो. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा कोर्स. वाचायला सोपा वाटतो, पण दोन ठिकाणी मुलं हमखास फसतात.

पहिली जागा म्हणजे ‘अँड’ हा शब्द. युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्रीच्या तीन कोर्सच्या समोर कॉलेजचे तीन कोर्स ‘अँड’ने जोडलेले असतील, तर तो अख्खा गठ्ठा आहे. दोन करून गेलं तर दोनाचं मिळत नाही, कधीकधी काहीच मिळत नाही, आणि युनिव्हर्सिटीत पहिल्यापासून बसावं लागतं. दुसरी जागा म्हणजे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. हे दिसलं की घरात घबराट होते. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या कॉलेजात त्या कोर्सला जोड नाही, तो तिकडे जाऊन करायचा. त्यासाठी चाळीस मैल गाडी हाकत दुसऱ्या कॉलेजात जायची गरज बहुधा नसते. तरी त्या युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाच्या पानावर एकदा खात्री करून घ्यावी.

आणखी एक. एकाच मेजरला वेगवेगळ्या यूसी वेगवेगळं मागतात. एकीला बायॉलॉजीसाठी ऑरगॅनिक आधीच झालेली हवी असते, दुसरीला जनरल केमिस्ट्रीवर भागतं. एकीकडे फिजिक्स कॅल्क्युलसवर आधारलेलंच पाहिजे, दुसरीकडे साधं चालतं. म्हणून चार-पाच कॅम्पसचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून सर्वांत कडक मागणी असेल तिच्याप्रमाणे आखणी करावी. एक्सेल आपल्या घरी पाण्यासारखं वापरलं जातं. ते इथं वापरा. निम्मा बे एरिया दिवसभर प्रोजेक्ट प्लॅन करतो, कुठलं काम कुठल्या कामावर अडलंय हे रंगवून दाखवतो आणि घरी आल्यावर मुलाला सांगतो, ‘घे काहीतरी सोपं पहिल्या टर्मला.’

आता कॉलेज बदलण्याबद्दल. इथं बरीच मुलं पाय घसरून पडतात. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात. फ्रीमॉन्टचं ओलोनी, सांता क्लाराचं मिशन, लिव्हरमोरचं लास पोसिटास सेमिस्टरवर. घराजवळ जागा मिळाली नाही म्हणून मूल केमिस्ट्रीचा पहिला भाग सेमिस्टरच्या कॉलेजात करतं आणि पुढचा क्वार्टरच्या कॉलेजात करायला जातं. सेमिस्टरचा एक भाग म्हणजे निम्मी केमिस्ट्री, क्वार्टरचा एक भाग म्हणजे एक तृतीयांश. मधला जो तुकडा आहे तो कधी दोनदा शिकावा लागतो, कधी शिकायचाच राहतो, आणि असिस्टच्या तक्त्यात हे मिश्रण कुठेच बसत नाही. साखळी जिथं सुरू केली तिथंच संपवावी. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात काही घ्यायचंच असेल तर इतिहास घ्या, तोंडी लावायला. साखळीतला अर्धा कोर्स घेऊ नका.

युनिव्हर्सिटीचंही तसंच आहे. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर, बाकीच्या यूसी क्वार्टरवर. ऑरगॅनिक अर्धी घेऊन एका पद्धतीतून दुसरीत गेलेल्या मुलाचा पहिला महिना ऑफिसांच्या पायऱ्या झिजवण्यात जातो. पूर्ण साखळी घेऊन गेलं की हा प्रश्नच येत नाही.

जागा मिळण्याबद्दल थोडं सांगते, कारण हे मी रोज बघते. लॅबमध्ये हूड, सिंक आणि ड्रॉवर मोजके असतात, म्हणून सीट मोजक्या, साधारण पंचवीस-तीस. त्यात एकही वाढवता येत नाही. तो सुरक्षेचा नियम आहे, माझ्या हातातली गोष्ट नाही. नोंदणीची तारीख प्रत्येकाला वेगळी मिळते आणि नव्या मुलाला ती उशिरा मिळते. त्या दिवशी सकाळी सात वाजता लॉगिन केलेलं मूल लॅबमध्ये बसतं. दुपारी जेवून लॉगिन केलेलं वेटलिस्टवर बसतं. पहिल्या आठवड्यात दाराशी जी रांग असते तिच्यात दोन प्रकार असतात. काही जण पहिल्या तासाला हजर असतात, वहीपेन घेऊन, गॉगल विकत घेऊन. काही जण ईमेल पाठवतात आणि घरी वाट बघतात. पहिल्या दिवशी न आलेल्याचं नाव कापून मी जागा देते ती दाराशी उभ्या असलेल्याला. पालकांनी मला फोन करून काही होत नाही. कृपया करू नका. विद्यार्थ्याबद्दल पालकांशी बोलायला कायद्याने मला बंदी आहे, मग ते पालक ढोलताशा पथकातले असले तरी.

जड झालं म्हणून मध्येच कोर्स सोडला तर प्रगतिपुस्तकावर डब्ल्यू येतो. तो निरुपद्रवी समजला जातो, पण एकच कोर्स साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यूसुद्धा त्या तीनात मोजला जातो. उलट बाजूने, सी मिळाला तर तो सुधारायला पुन्हा बसता येत नाही. म्हणून पहिल्या टर्मला दोन लॅब पुरे. हुशार मुलालाही तिसरी नको. आधी केमिस्ट्री म्हणजे सगळं एकदम असा अर्थ कुणी काढू नये.

गणिताच्या सुरुवातीबद्दल नवीन माहिती जुन्या पालकांकडे नसते, म्हणून लिहिते. २०१७ चा एबी ७०५ आणि २०२२ चा एबी १७०५ या कायद्यांनी गणिताच्या प्लेसमेंटची जुनी परीक्षा मागे पडली. आता हायस्कूलची ग्रेड आणि कोर्स पाहून गणितात बसवतात, आणि सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलाला शक्य तितकं थेट कॅल्क्युलसकडे पाठवण्याचा कल आहे. मोठ्या भावाच्या वेळी ‘दोन टर्म अल्जिब्रा कर’ असं सांगितलं असेल, ते धाकटीला लागू होईलच असं नाही. पण दार उघडलं म्हणजे तयारी झाली असंही नाही. ज्याचं ट्रिग्नॉमेट्री कच्चं आहे त्याने बारावीनंतरचा उन्हाळा त्यासाठी द्यावा. भारतात आजोळी जाऊन आंबे खावेत, पण सोबत वही न्यावी.

एपीचं थोडक्यात. एपी कॅल्क्युलसच्या चांगल्या गुणांवर कॉलेजात पुढच्या भागाला बसता येतं, आणि त्याने खरोखर वेळ वाचतो. एपी केमिस्ट्रीवर तसं अवलंबून राहू नये. किती सूट मिळेल ते कॅम्पसगणिक बदलतं, आणि पुढे मेडिकलला जायचं असेल तर बऱ्याच मेडिकल स्कूलना केमिस्ट्री-बायॉलॉजी कॉलेजात लॅबसह केलेलीच हवी असते. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : तिथली ग्रेड कायमची असते. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेल्या केमिस्ट्रीतला डी यूसीच्या अर्जात जातो.

टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी, हिच्याबद्दल दोन वाक्यं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या यूसीच्या सहा कॅम्पसपैकी एका ठिकाणी अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी मिळते, आणि त्याचा अर्ज सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेत असतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. काही कॅम्पसवर इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स टॅगमधून वगळलेलं असतं. हमीच्या अटींमध्ये मेजरचे कोर्स असतात, आणि ते वेळेत संपले नाहीत तर हमी गेली. म्हणजे फिरून गाडी त्याच साखळीवर येते. ज्या फॉलला जायचं त्याच्या आधीच्या स्प्रिंगअखेर ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट पूर्ण हवेत. पण निव्वळ युनिट भरले म्हणून सायन्सच्या मुलाचं काम होत नाही. साठातले पंचेचाळीस युनिट जीईचे असलेली मुलं मी पाहिली आहेत. युनिट पूर्ण, तयारी अपुरी.

एक गोष्ट फक्त आपल्यासारख्या घरांची आहे आणि ती इथला कुठलाही काउन्सेलर आपणहून विचारणार नाही. आपल्यातल्या बऱ्याच मुलांचा व्हिसा एच-४ (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा) आहे, ग्रीन कार्डची रांग संपायची चिन्हं नाहीत. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा दुसरं काही करावं लागतं, आणि त्यासोबत फीचं, कामाचं गणित बदलू शकतं. कॉलेजात एक वर्ष जास्त लागणं हे इतरांसाठी ‘चालतं, काय घाई आहे’ असतं. आपल्या त्या मुलासाठी ते जादा वर्ष नेमकं एकविसाव्या वाढदिवसावर येऊन आदळू शकतं. अशा घरांनी केमिस्ट्रीची आखणी आणि इमिग्रेशन वकिलाची भेट एकाच महिन्यात करावी.

काउन्सेलरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे विद्यार्थी फार आणि वेळ अर्धा तास. ‘मला डॉक्टर व्हायचंय, काय घेऊ?’ असं विचारलं तर छापील उत्तर मिळतं. असिस्टचे तक्ते हातात धरून, सहा टर्मचा कच्चा आराखडा घेऊन गेलं आणि ‘यातलं दुसऱ्या विंटरचं जमेल का? हा कोर्स तेव्हा असतो का?’ असं विचारलं, तर तोच माणूस स्क्रीन वळवून मागच्या तीन वर्षांचं वेळापत्रक दाखवतो. सायन्स, गणिताच्या विभागांत बऱ्याच कॉलेजांना वेगळे स्टेम काउन्सेलर असतात. भेट त्यांचीच मागावी.

आता कार्यकारिणीकडे माझ्या मागण्या.

मार्गदर्शन संध्याकाळ ऑक्टोबरात आहे ती राहू द्या. तिच्या जोडीला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक दुपार फक्त ट्रान्सफरची ठेवा. तोपर्यंत यूसीचे निकाल हातात आलेले असतात, कुठे जायचं त्याचा मे महिन्याच्या १ तारखेचा निर्णय व्हायचा असतो आणि कम्युनिटी कॉलेजची फॉलची नोंदणी बहुतेक ठिकाणी अजून उघडायची असते. ऑगस्टमध्ये सांगून उपयोग नाही. तोवर केमिस्ट्रीच्या जागा गेलेल्या असतात.

स्टेजची गरज नाही. लायब्ररीतली मीटिंगची खोली, एक प्रोजेक्टर आणि चांगलं वाय-फाय पुरे. प्रत्येकाने लॅपटॉप आणायचा, असिस्ट उघडायचं आणि खोलीतून निघताना स्वतःच्या मुलाचा सहा टर्मचा कागद तयार करून निघायचं. मूल सोबत पाहिजे. मुलाशिवाय आलेल्या पालकांना मी परत पाठवीन, आधीच सांगते.

ट्रान्सफर होऊन गेलेली दोन मुलं बोलायला तयार आहेत. एक जण डेव्हिसला बायोकेमिस्ट्री करतेय, दुसरा बर्कलीला मेकॅनिकल. त्यांची एकच अट आहे : ओळख करून देताना ‘कम्युनिटी कॉलेजमधून असूनही’ असं म्हणायचं नाही.

स्मरणिकेत दरवर्षी ‘आमचे गुणवंत’ म्हणून बारावीनंतर कुठे प्रवेश मिळाला त्याची यादी छापतो. त्यात ट्रान्सफरने गेलेल्यांची नावंही घ्या. निकाल एप्रिल-मेमध्ये लागतात, स्मरणिका गणपतीला निघते, त्यामुळे वेळेची अडचण नाही.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे असं कळलं. हा विषय अजेंड्यावर घ्यावा ही विनंती. खोलीचं भाडं लागत असेल तर ते मी भरते. वडे मंडळाने आणावेत.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद